मगरीचा ओंडका का होतो?

या आठवड्याचं पत्र गोव्यातल्या फोंड्याहून आलं आहे. थोडं कापून देतो:

"जानेवारीत कोल्हापूरहून धाकटी बहीण, तिचे यजमान, मुलगा आणि आमची आई (वय ७६) येणार आहेत. दिवाडीला दोन दिवस मुक्काम, आणि होडी भाड्याने घेऊन कुंभारजुव्याच्या कालव्यात नि चोडणच्या खाडीत फिरायचं ठरलंय. गेल्या वर्षी असंच गेलो होतो. दीडशे फोटो काढले, दाखवण्यासारखे चारही नाहीत. ताडपत्रीखाली बसलेल्यांची तोंडं काळी, पाणी एका बाजूला ओतल्यासारखं तिरकं, आणि मगर म्हणून जी काढली ती घरात सगळ्यांना ओंडका वाटली. माझ्याकडे बऱ्यापैकी मोबाईल आहे, ह्यांचा जुना डीएसएलआर आहे, त्याच्या १८-५५ आणि ५५-२५० अशा दोन लेन्स. मोठी झूम लेन्स घ्यावी का? पन्नास-साठ हजारांची तयारी आहे. भाचा ड्रोन आणतो म्हणतोय. आणि काही झालं तरी आईचा एक चांगला फोटो हवा."

ताई, लेन्स घेऊ नका.

नुसतं मत म्हणून सांगत नाही, हिशेब मांडतो. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण २२ मिलिमीटर रुंद असणार. त्यावर २५० ची लेन्स लावून ३० मीटरवरच्या काठाकडे बघितलं तर चौकटीत पावणेतीन मीटर रुंदीचा तुकडा बसतो. चांगली वाढलेली मगर तीन मीटरच्या वर जाते. म्हणजे तुमच्याच लेन्समध्ये तिची शेपूट कापली जाईल! आता तीच मगर त्याच अंतरावरून मोबाईलच्या नेहमीच्या लेन्सने काढा. चौकटीत जवळजवळ ४० मीटर काठ येतो आणि मगर त्याचा तेरावा-चौदावा हिस्सा उरते. वर ती चिखलाच्या रंगाची. ओंडका दिसणार नाही तर काय? गेल्या वर्षी ती मोबाईलवर काढली होती, हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण मी पैज लावायला तयार आहे. तुमच्या यजमानांचा डीएसएलआर कपाटातून बाहेर काढा, बॅटरी धरते का बघा, झालं. ६०० मिलिमीटरची लेन्स डुलत्या होडीत हातात धरून त्यात पक्षी नुसता सापडवायचा म्हटलं तरी सराव लागतो, आणि तो दोन दिवसांत होत नाही.

आता ज्यावर खरोखर सगळं अवलंबून आहे त्याकडे येऊ: ओहोटी.

आपण त्याला कालवा म्हणतो, पण दोन्ही तोंडं खाऱ्या पाण्यात. एक मांडवीत, एक झुआरीत, मधलं अंतर सुमारे १५ किलोमीटर. पाणी दिवसातून दोनदा चढतं, दोनदा उतरतं. मगरी ऊन खायला चिखलावर येतात, आणि चिखल उघडा पडतो तो पाणी उतरल्यावरच. भरतीच्या वेळी गेलात तर पाणी थेट खारफुटीच्या पानांना टेकलेलं असतं. मग होडीवाला कितीही कसबी असो, दाखवणार काय? चोडणचं गणित नेमकं उलटं. तिथल्या डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्याच्या (१९८८ चं, जेमतेम पावणेदोन चौरस किलोमीटरचं) आतल्या चिंचोळ्या पाणवाटांमध्ये होडी शिरायला पाणी भरलेलं लागतं. एकाच सकाळी दोन्ही उरकू म्हणणाऱ्यांचं म्हणून एक तरी बिनसतं.

कोकणपट्टीवरच्या दर्यावर्दींचा ढोबळ आडाखा तुमच्या आईला कदाचित माहीत असेल: तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. चतुर्थीची पाऊणपट तीन. म्हणजे दुपारी तीनच्या सुमारास भरती आणि सकाळी नऊच्या आसपास ओहोटी. तुमच्यासाठी यापेक्षा सोयीचा दिवस नाही. सकाळी कोवळ्या उन्हात कालवा, जेवून थोडं आडवं व्हायचं, आणि साडेतीन-चारला चोडण. तेव्हा तारखा अजून पक्क्या नसतील तर चतुर्थी-पंचमी धरा. कृष्णपक्षातली पकडलीत तर संकष्टी असेल, ज्यांचा उपास त्यांच्यासाठी साबुदाण्याचा डबा होडीत घ्या. दिवस ठरला की मुरगाव बंदराचे भरती-ओहोटीचे तक्ते उघडून वेळ पडताळा, आणि मग होडीवाल्याला विचारा. आत कालव्यात पाणी बंदरापेक्षा उशिरा फिरतं, किती उशिरा ते त्याला तोंडपाठ असतं. आणखी एक: आपल्याकडे दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या उतरत नाहीत. तक्त्यात पाण्याची उंचीही दिलेली असते, तीही बघा.

पाणी उतरून पुन्हा चढायला लागण्याआधी थोडा वेळ थबकतं. त्याच वेळी वारा पडलेला असला तर दोन्ही काठांचं प्रतिबिंब स्वच्छ उतरतं. जानेवारीत सूर्य सातच्या पुढेमागे उगवतो आणि दहा-अकरानंतर समुद्राकडचा वारा सुरू होऊन पाण्यावर सुरकुत्या येतात. म्हणून होडी साडेसहाला धक्क्याला लागलेली हवी. पोरं कुरकुरतील. कुरकुरू द्या. सातच्या आधी निघालात तर खाजनावरचं, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतांवरचं, धुकंही मिळेल, आणि धुक्यात साधी बांधावरून जाणारी सायकलसुद्धा फोटो होते.

बसायचं कुठे? हे कुणी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो. कालवा वळणं घेत असला तरी एकंदर उत्तर-दक्षिण आहे. पश्चिमेला तिसवाडी, पूर्वेला तुमचा फोंडा महाल. सकाळी ऊन पडतं ते तिसवाडीच्या काठावर. फोंड्याच्या बाजूची झाडं उन्हाच्या विरुद्ध, काळी. म्हणजे मांडवीकडून झुआरीकडे जाताना कॅमेरावाल्याने उजव्या हाताला बसायचं, परतताना डाव्या. संध्याकाळी सगळं उलट. बाणस्तारीच्या पुलाखालून जाताना मात्र मागे वळा: पुलाच्या सावलीतून बाहेरचं उजळ पाणी आणि त्यात एखादी होडी असली तर चौकट आयती मिळते. गर्दीच्या होडीत सगळे मगर दिसली की एकाच बाजूला झुकतात. तसं होऊ देऊ नका, फोटोसाठी नव्हे, होडीसाठी. नाळेवरची, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावरची, जागा सगळ्यांत चांगली, तिथून कुणाचं डोकं मधे येत नाही. पण ती एकाच माणसाला दोन दिवस देऊ नका, घरात भांडणं होतात.

होडीवाल्याशी निघण्याआधीच बोला. "मगर दाखवा" एवढंच सांगितलंत तर तो बिचारा इंजिन गर्जवत थेट तिच्या तोंडापाशी नेणार आणि ती सर्रकन पाण्यात जाणार. त्याला सांगा, लांबूनच इंजिन बंद करा आणि होडी पाण्याबरोबर वाहू द्या. यात दोन गोष्टी साधतात. मगर बसून राहते, आणि इंजिनाचा थरथराट थांबतो. हा थरथराट फोटोत उतरतो, विशेषतः २५० वर. म्हणून कोपर होडीच्या काठावर टेकू नका, पाठ खांबाला लावू नका, आणि ट्रायपॉड तर आणूच नका. गुडघे जरा सैल ठेवून बसा, कोपरं अंगाशी. जवळ नेतो म्हणून जास्तीचे पैसे मागणारा भेटला तर नको म्हणा. मगर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, तिला हुसकावणं हा गुन्हा आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी ३० मीटर तुमच्या लेन्सला पुरतात हे वर सिद्ध केलंच आहे. होडीवाल्याच्या ठरलेल्या भाड्यावर अर्ध्या दिवसाचे पैसे जास्त द्या आणि घाई करू नका म्हणावं. साठ हजारांतली ही सगळ्यांत सार्थकी लागणारी रक्कम.

कॅमेऱ्याची सेटिंग्ज थोडक्यात. शटरची गती स्वतः ठरवायचा मोड लावा. चालत्या होडीतून माणसं, काठ, घरं यांना १/५००, पक्ष्यांना १/१००० किंवा जास्त. आयएसओ ऑटोवर, कमाल ३२०० पर्यंत. फोटोवर दाणे आलेले चालतात, हललेला फोटो काही केल्या सुधारत नाही. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन तुमचा हात सावरतं. होडीचं पुढे जाणं आणि खंड्याचं उडणं त्याला थांबवता येत नाही, म्हणून त्याच्या भरवशावर गती कमी करू नका. चकाकणारं पाणी चौकटीत भरपूर असलं की कॅमेरा फसतो आणि सगळंच काळवंडून टाकतो, तिथे एक्स्पोजर +०.७ करा. गडद खारफुटीसमोर पांढरा बगळा असेल तर उलट, −०.७ ते −१, नाहीतर पिसांच्या जागी नुसता चुना दिसतो. मोबाईलवर हेच बोटाने होतं: बगळ्यावर दाबून धरायचं, चौकट लॉक झाली की सूर्याचं चिन्ह खाली ओढायचं. बोटांनी पसरून केलेला झूम म्हणजे बहुतेक वेळा घरी जाऊन फोटो कापण्यासारखंच, त्यातून काही नवं मिळत नाही.

तिरक्या पाण्यावर एक खात्रीचा उपाय आहे. आपण होडीबरोबर कलतो, त्यामुळे आपल्याला कळत नाही. आणि समोरचा काठ तिरपा दूर जात असला तर त्याची रेघ चौकटीत तिरकीच दिसणार, ती सरळ करायला गेलात तर बाकी सगळं कलतं. म्हणून काठाकडे बघूच नका. माड आणि त्याचं पाण्यातलं प्रतिबिंब बघा. माडाचा शेंडा आणि प्रतिबिंबातला शेंडा एका उभ्या रेषेत असतात, होडी कशीही कलली तरी. ती रेषा चौकटीच्या उभ्या कडेला समांतर आली की फोटो सरळ. पडद्यावर जाळी दाखवायची सोय मोबाईलमध्ये असते, ती चालू करून ठेवा. कुणी तुम्हाला पोलरायझर फिल्टर घ्यायला सांगेल. दुपारच्या चकाकीत तो पानांचा हिरवा छान दाखवतो, पण प्रतिबिंबही पुसू शकतो आणि दीड-दोन स्टॉप उजेड खातो. सकाळच्या फेरीत तो पिशवीतच बरा.

आता काळी तोंडं. यात तुमचा दोष नाही, ताडपत्रीचा आहे. वर सावली, मागे उन्हातलं पाणी; कॅमेरा पाण्याकडे बघून उजेड मोजतो आणि माणसं विझून जातात. त्यात ताडपत्री निळी असली तर चेहरे आजारी दिसतात, आणि नारिंगी लाइफ जॅकेटचा रंग हनुवटीखाली चढतो तो वेगळाच. जॅकेट काढायचं नाही, फोटोसाठी तर मुळीच नाही. त्याऐवजी उन्हं कोवळी आहेत तोवर ताडपत्री अर्धी गुंडाळून घ्यायला सांगा. माणसांना मधे बसवू नका, कडेला बसवा, तोंड बाहेरच्या पाण्याकडे. पाण्यावरून परतून येणारा उजेड खालून चेहऱ्यावर पडतो, मऊ असतो, डोळ्यांखालच्या सावल्या भरून काढतो. मग चेहऱ्यावर बोट ठेवून तिथला उजेड मोजायला लावा, मागचं पाणी पांढरं झालं तर होऊ दे. डीएसएलआरचा छोटा फ्लॅश दोन मीटरपर्यंत कामाला येतो, तो जरा कमी करून वापरलात तर लग्नातल्या फोटोसारखं दिसणार नाही.

आईंचा फोटो. त्यांना "इकडे बघ, हस" म्हणू नका. ७६ वर्षांच्या बाईला तसं सांगितलं की ती आधार कार्डाच्या फोटोला बसल्यासारखी ताठ होते. त्यांना नाळेच्या मागच्या पहिल्या फळीवर, उजेडाच्या कडेला, नातवाशेजारी बसवा. सकाळी साडेआठच्या आत. ५५-२५० लेन्स ५५ वर ठेवा आणि लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) जितकं मोठं उघडेल तितकं उघडा. तुम्ही त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला या, उभं राहून खाली बघत काढू नका, उभं राहायचं नाहीच आहे. मग त्यांना काहीतरी विचारा ज्याचं उत्तर लांबलचक असेल. पूर्वी खनिजाच्या बार्जी पावसाळ्यात याच कालव्यातून मुरगावकडे जायच्या, आग्वादच्या वाळूच्या दांड्यामुळे मांडवीचं तोंड तेव्हा धोक्याचं होत असे. तुम्ही फोंड्याच्या, हे तुम्हाला ठाऊक असेल. ते आईंना सांगा आणि पंचगंगेच्या पुराच्या आठवणी काढा. बोलता बोलता दहा-बारा काढा. बोलून थांबल्यावर, श्वास घेताना जो येतो तो बहुतेक चांगला असतो.

आणि मगरीवरून जरा लक्ष काढा. माझं स्पष्ट मत आहे की होडीतल्या सुट्टीत मगरीचा एक फोटो पुरे. एकदा ती शेपटीसकट आली की कॅमेरा दुसरीकडे वळवा. ओहोटीला खारफुटीची मुळं पूर्ण उघडी पडतात, काहींची कमानीसारखी, काहींची चिखलातून वर आलेली टोकं. तिरप्या उन्हात त्यांच्या सावल्या चिखलावर पडतात आणि त्यासाठी मोबाईल उत्तम. खाजनाच्या बांधातलं मानस (पाण्याचं दार) आणि त्याच्या लाकडी झडपांतून निघणारं पाणी हे कोल्हापूरच्या पाहुण्यांनी बघितलेलं नसणार. ते फोटो त्यांना मगरीपेक्षा जास्त बोलायला लावतील. होडीवाल्याचे हात. पिशवीतले भाजी-पाव, त्यावर झडप घालणारा भाचा. खुबे-तिसऱ्या काढायला कमरेइतक्या पाण्यात उतरलेल्या बायका दिसल्या तर आधी हात हलवा, बोला, मग विचारा. लांबूनच २५० लावून टिपू नका. त्या कामावर आहेत, आपण सुट्टीवर. तुमची तारीख पौष अमावस्येच्या जवळ आली तर आणखी एक योग आहे. भोम, दुर्भाट अशा काठच्या गावांत त्या दिवशी चिखलाची मगर करून तिची पूजा करतात, माणगें थापणी. तिथे गेलात तर घरच्या कर्त्या माणसाला विचारूनच कॅमेरा बाहेर काढा, आणि पूजा चालू असताना फ्लॅश नको.

सामानाचं थोडं. खोलीत एसी लावत असाल तर कॅमेरा रात्री एसीत ठेवू नका. सकाळी बाहेर दमट हवेत आणलात की लेन्सवर धुकं धरतं आणि सूर्योदयाचा अर्धा तास पुसण्यात जातो. ठेवलाच तर पिशवी बंद ठेवूनच बाहेर आणा आणि अर्धा तास उघडू नका. होडीत लेन्स बदलायच्या नाहीत, ५५-२५० कॅमेऱ्यावर आणि जवळच्या सगळ्या कामाला मोबाईल. पट्टा गळ्यात, मोबाईललाही मनगटाची दोरी. खाऱ्या पाण्याचा शिंतोडा उडाला तर कोरड्या फडक्याने घासू नका, मिठाचे कण काचेवर ओरखडतात. गोड्या पाण्यात किंचित ओलं केलेलं मऊ फडकं आधी, कोरडं नंतर. मोबाईलची काच दर तासाला पुसा. निम्म्या "धुरकट" फोटोंचं कारण बोटाचं तेल असतं, तुमच्याकडे तर भाजी-पावही आहे.

फोटो नंतर सुधारायला बसाल तेव्हा पाणी निळं करू नका. कालव्याचं पाणी हिरवट-मातकट आहे आणि ते तसंच दिसायला हवं, नाहीतर तो मालदीव होतो.

राहता राहिला ड्रोन. भाच्याला सांगा, कोल्हापुरातच ठेव. अभयारण्यावर तो वनखात्याच्या परवानगीशिवाय उडवता येत नाही, दाबोळीचा विमानतळ नौदलाचा आहे आणि इथून फार लांब नाही, आणि उडवायचा म्हटला तरी २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे आधी डिजिटल स्कायवरचा नकाशा बघावा लागतो. शिवाय त्याचा आवाज सुरू झाला की तुम्ही पहाटे उठून गाठलेले सगळे बगळे एकदम उडतील. त्याला डीएसएलआर द्या, १/१००० लावून, आणि उडत्या खंड्याच्या मागे सोडा. सकाळभर पोरगं गप्प राहील.